पिठापासून लांब

प्रिय ताम्मो, माझ्या धाकट्या भावा,

दर रविवारी आपण फोनवर बोलतो, मग हे पत्राचं खूळ कुठून काढलं, असं तुला वाटेल. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून. मागच्या रविवारी मी एक साधा प्रश्न विचारला, तर तू मला शेजारच्या मेंढ्यांची सगळी बाळंतपणं सांगितलीस. तेव्हा आता असं कर, दुकान बंद झालं की चहा ठेव, कपात खडीसाखर टाक, वरून साय सोड, आणि हे शेवटपर्यंत वाच. मध्येच उठू नकोस.

मी आपल्या बेकरीची भट्टी सोडली तेव्हा तू जहाजावर होतास. परत आलास तर माझी खोली रिकामी होती आणि बाबांनी तुझ्या हातात माझा ॲप्रन दिला. तू काही विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आपल्या घरात दुखण्याबद्दल बोलायची पद्धतच नाही. पण आता सांगते, कारण तुला ते ठाऊक असायला हवं.

सुरुवात शिंकांनी झाली. पहाटे पोतं फोडून पीठ कणीक मळायच्या यंत्रात ओतलं की नाक वाहायचं. बाबा आणि मी, दोघंही त्याला सर्दी म्हणायचो. समुद्राकाठच्या माणसाला हिवाळ्यात सर्दी होणारच. मग खोकला आला, आणि त्यानंतर वाक्याच्या शेवटी छातीतून एक बारीक शिट्टी वाजू लागली, चहाची किटली तापायला लागते तेव्हा वाजते तशी. बाबा म्हणायचे, "जा, जरा अंगणात उभी राहा, मोकळ्या हवेत बरं वाटेल." आणि खरंच बरं वाटायचं. तिथेच आम्हाला कळायला हवं होतं. सुट्टीत मी डोंगरात गेले की श्वास अगदी मोकळा, आणि घरी परतल्यावर दुसऱ्याच सकाळी छातीवर कुणीतरी बसल्यासारखं. तरीही मी पुढचा हिवाळा काढला, आणि त्याच्या पुढचाही. राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाचं आंबवण माझ्याच हाताच्या सवयीचं होतं, ते कुणावर सोपवायचं? एका शनिवारी गिऱ्हाइकांची रांग दारापर्यंत गेली होती आणि मी यंत्रापाशी खाली बसले ती उठलेच नाही. ओठ निळे पडले होते, असं बाबा नंतर सांगत. मला आठवतो तो फक्त त्यांचा पिठाने माखलेला हात. तो माझ्या तोंडाजवळ आला की मला आणखी गुदमरायला व्हायचं. ते बिचारे मला वाचवायला बघत होते.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दंडावर ओळीने वेगवेगळ्या पिठांचे थेंब टाकून टोचलं. रायच्या थेंबाखाली गांधी उठली, गव्हाच्या थेंबाखाली त्याहून मोठी. त्या म्हणाल्या, "पिठाचा दमा आहे. बेकरीवाल्यांना होतो. पिठापासून लांब राहायचं." मी विचारलं, "लांब म्हणजे किती?" त्यांनी माझा पत्ता पाहिला. आपण दुकानाच्या वरच राहतो ना. "तुमच्या घरापासून लांब," त्या म्हणाल्या.

बाबांना ते पटलं नाही. "मासा कधी पाण्यात बुडतो का?" एवढंच म्हणाले आणि भट्टीत लाकडं सारायला गेले. त्या दिवसानंतर माझ्याशी बोलायचं झालं की ते मांजराला उद्देशून बोलायचे. "हिला सांग, दूध संपलंय." मी सामान बांधलं तेव्हाही मांजरालाच विचारलं, "परत कधी येणार म्हणते?" मांजराने काय सांगितलं असेल ते असो.

विमा कार्यालयातला माणूस फार सभ्य होता. धंद्यामुळे आजार झालेल्यांना नवीन काम शिकवायचा खर्च ते करतात. हिशेब लिहायचं शिका, पर्यटन केंद्रात बसा, नाहीतर लोकांचे अडलेले संगणक चालू करून द्यायचं काम शिका, असं त्याने सांगितलं. मी संगणक म्हणाले. "आवड आहे वाटतं," तो म्हणाला. मी मान हलवली. खरं कारण त्याला काय सांगणार? संगणकाला वास नसतो, ताम्मो. मला असं काहीतरी हवं होतं ज्यात उकडीचा, आंबल्याचा, भाजल्याचा कसलाच वास नसेल. ज्याच्यामुळे मला काहीही आठवणार नाही.

ओल्डेनबुर्ग शहरातल्या त्या वर्गात संगणकाच्या प्रेमापोटी आलेलं कुणीच नव्हतं. उडो छपरं शाकारायचा, पडून त्याची पाठ गेली होती. एकीची लोकांचे केस धुता-रंगवता हातांची सालं निघाली होती. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या झायफर्टबाईंनी प्रत्येकाला आधी काय करत होतात ते विचारलं, आणि जो तो एखाद्याची माती उरकून आल्यासारखा खाली बघत सांगू लागला. पण शिकवायच्या मात्र छान. फोनवर कसं बोलायचं याचा सराव होता तेव्हा उडो चिडका गिऱ्हाईक झाला. "पडदा काळा झालाय. आणि हे बघा, वायर लावली आहे का असं मला विचारायचं नाही." मी विचारलं, "वायर लावली आहे का?" "अहो, मी तुम्हाला मूर्ख वाटलो?" "नाही. पण तरी बघता का जरा?" उडो टेबलाखाली वाकला आणि वरमून म्हणाला, "सुटली होती." सगळे हसले. मी सवयीने म्हणाले, "झालं तर. आणखी काय देऊ?" तर वर्ग आणखी मोठ्याने हसला, मीही हसले. मग बाहेर जाऊन मोरीत नळ सोडून रडले. त्यानंतर उडो मला रोज विचारायचा, "काय देतेस आज? चार साधे पाव, दोन खसखशीचे?" चांगला माणूस आहे. त्याच्या त्या चेष्टेवरच मी अभ्यासक्रम पुरा केला.

आता वृद्धाश्रमांच्या एका संस्थेत आहे, तुला ठाऊकच आहे. कानाला हेडफोन. परवलीचा शब्द विसरलेल्या परिचारिका, कागद गिळून बसलेली छपाईयंत्रं. लोक आधी चिडलेले असतात, मग त्यांना स्वतःचीच लाज वाटते, आणि शेवटी हलकं वाटतं. काम वाईट नाही. फक्त दिवस संपतो तेव्हा हात स्वच्छ असतात आणि कुणाला दाखवायला काहीच नसतं. सकाळी बेकरीवरून जायचं टाळायला मी लांबच्या रस्त्याने जाते. झायफर्टबाई म्हणाल्या होत्या की हे दुःख हळूहळू कमी होत जातं. कमी झालंय. गेलेलं नाही.

एक गोष्ट बाबांनी तुला सांगितली नसणार. गेल्या शरदात तू पिठाच्या गिरणीवर गेला होतास आणि दुकानातलं गल्ल्याचं यंत्र बंद पडलं. माझा कामावरचा फोन वाजला. "ते अडलंय," पलीकडून बाबांचा आवाज आला. मधल्या काळात त्यांनी मला एकदाही फोन केला नव्हता. मी म्हणाले, "बाबा, पडद्यावर काय दिसतंय?" "माझं थोबाड." "मागच्या बाजूला बटण असेल, ते दाबून धरा. सोडू नका." ते दाबून धरून उभे राहिले. मागे गिऱ्हाइकांचे आवाज येत होते. मग यंत्र वाजलं. मी आपली फोन ठेवायची वाट बघत होते, पण ते ठेवेनात. "तिकडे पाव कसा मिळतो?" "पोकळ असतो, बाबा." ते हसले. मग हळूच म्हणाले, "तुला खरंच सहन होत नव्हतं, हे मला कळायला वेळ लागला." मी हेडफोन कानाशी घट्ट धरला. शेवटी तेच म्हणाले, "आता ताम्मो आहे. त्याच्या जिवावर मी निवांत आहे."

त्या वाक्याने मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता ते वाक्य आठवलं की झोप लागत नाही. ईस्टरला मी आले तेव्हा आपण बांधावर भेटलो. माझ्यासाठी तू नेहमीसारखे पिठाचा कणही नसलेले, धुतलेले कपडे घालून आला होतास. तो बांध तो केवढासा, लहानपणी आपण धावत चढायचो. चढताना तू मध्येच थांबलास आणि समुद्राकडे बघत राहिलास. पुन्हा थांबलास. मी विचारलं तर म्हणालास, "वारा आहे." वारा पाठीमागून होता, ताम्मो. आणि मागच्या रविवारी, त्या मेंढ्यांच्या गोष्टीत, प्रत्येक वाक्याच्या शेवटी मला ती शिट्टी ऐकू आली. दिवसभर लोकांचे आवाज ऐकणं हेच माझं काम आहे. त्यात चूक व्हावी असं मला फार वाटलं. पण ती शिट्टी मी माझ्याच छातीत ऐकलेली आहे. म्हणून हे पत्र. माझ्यासारखे हिवाळे काढत बसू नकोस. या आठवड्यातच जा आणि दंडावर ते थेंब टाकून घे. मला ठाऊक आहे, तू गेलास तर दुकान राहणार नाही, आपल्यानंतर तिथे कुणी नाही. तुझं दुःख पुढे संपेल असं खोटं मी सांगणार नाही. पण मी सकाळी उठते, श्वास घेते, आणि तो आत जातो. बाबांना एकट्याने सांगू नकोस, मी येईन. आत येता येणार नाही, मी रस्त्यावर उभी राहीन. शिडीवर तू चढ, दुकानावरची आजोबांच्या नावाची पाटी काढ आणि खाली माझ्या हातात दे.

तुझीच, तुझ्याआधी त्या भट्टीपाशी उभी राहिलेली,
विबके