तक्त्यात नसलेला तेरडा

६ जून, सकाळी ७.१०
गेटजवळच्या वाफ्यातले खडे वेचत असताना चेअरमनकाका आले. सप्टेंबरच्या मीटिंगपर्यंत इथे फुले दिसली तर मी सोसायटीचा कायम माळी. नाहीतर फरशी टाकून स्कूटर लावणार, म्हणाले. मनात म्हटले, स्कूटरवाल्यांनी दुसरी जागा बघावी. बाराही महिन्यांच्या फुलांचा तक्ता काढला. चार रंगांत.

१२ जून
निशिगंधाचे चोवीस कंद लावले. प्रत्येकाला पाटी. शाळा नववीत सुटली, पण ‘निशिगंध’ चोवीसही वेळा बरोबर.

२१ जून, रविवार
प्रगती पाहण्यासाठी सगळे कंद उकरले. चौदांना मुळे. परत नीट पुरले. वहिनी म्हणाली, भावजी, झोपलेल्याला हलवून ‘झोप लागली का’ विचारण्यातला प्रकार आहे हा. तिला पद्धतशीर कामाची सवय नाही.

२८ जून, रविवार
तपासणी. सहांना मुळे. तपासणी वाढवावी लागेल.

११ जुलै
तक्त्यात नसलेले सर्व उपटले. एक जाड देठाचे रोप उपटले तरी परत येते. वहिनी म्हणाली, तो तेरडा, आपला आपण येतो, राहू द्या. तक्त्यात नाही, असे स्पष्ट सांगितले.

२ ऑगस्ट
कंद कुजले. मालच हलका होता. पाट्या मात्र शोभून दिसतात.

३० ऑगस्ट
स्कूटरींमागे, भिंतीच्या सांदीत, माझा हात पोचत नाही तिथे, तेरडा गुलाबी फुलला आहे. काकांनी पाठ थोपटली, तूच लावलास ना, विचारले. मी नाही म्हणालो नाही. वहिनी हसत होती. मीटिंग येत्या रविवारी.

४ सप्टेंबर
सांदीत कोणाला दिसणार? काठीला खुरपे बांधून तेरडा मुळासकट काढला, वाफ्यात ओळीने लावला. नव्या बारा पाट्या. आता नोकरी खिशात.

६ सप्टेंबर, रात्री
सगळ्या रोपांनी माना टाकल्या. सभासदांनी पाट्या वाचल्या आणि फरशी मंजूर केली. वहिनी म्हणाली, तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. भावजी, तुम्ही दीड दिवसात उरकलंत.

उद्यापासून दोन दिवस फरशीवाल्याच्या हाताखाली. वाफा मला माहीत आहे म्हणून मुद्दाम मलाच बोलावले.

खर्च: कंद ४८०, पाट्या २१०. पैकी वहिनीचे देणे ५००. शिल्लक: पाट्या छत्तीस, एकही अशुद्ध नाही.