आईच्या नावाचं रजिस्टर कार्ड

बाई,

परवा माझ्या लेकीनं नव्या वर्षाच्या शुभेच्छा मोबाईलवरून एका दमात साऱ्या गणगोताला पाठवल्या आणि मग मलाच विचारलं, "आई, तुमच्या वेळी एका कार्डाचं एवढं काय कौतुक असायचं?" तिला सांगायला बसले आणि वाटलं, हे आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलताना मी अजून पदर नीट करते.

औशाजवळच्या आमच्या गावात तुम्ही नांदेडहून शिकवायला आलात, तेव्हा नवा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. पोरं शाळेत कमी आणि टँकरच्या रांगेत जास्त. अशात डिसेंबरात तुम्ही तुमची पत्र्याची पेटी उघडून तुम्हाला आलेली जुनी भेटकार्डं बाहेर काढलीत. नवी घ्यायची कुणाची ऐपत नव्हती, म्हणून जुन्यावरचं चित्र कापायचं, जाड कागदावर खळीनं चिकटवायचं आणि आत आपल्या अक्षरात शुभेच्छा लिहायच्या. पत्ता लिहिताना तुमची छडी टेबलावर वाजायची. "जिल्हा लातूर लिहा. उस्मानाबाद गेलं आता." मी मात्र हात बांधून बसले होते. तुम्ही विचारलंत तेव्हा म्हणाले, "आमच्या घरी कार्ड यायचं न्हाई, बाई."

खरंच यायचं नाही. पोस्टमन आमच्या बौद्धवाड्यात पाऊल टाकत नसे. माणूस वाईट नव्हता, पण रीत पडली होती आणि ती मोडायची त्याला गरज वाटत नव्हती. आमची पत्रं तो पिठाच्या गिरणीवर ठेवायचा. दळणाला कुणी गेलं की ती मिळायची, तोवर गिरणीवर बसणाऱ्यांची वाचून झालेली असायची. आजी अंथरुणाला खिळल्याचं मामाचं कार्ड तिथं चार दिवस पडून राहिलं आणि आई उदगीरला मातीलाही पोचली नाही. त्या दिवसापासून तिनं गिरणीचं तोंड पाहिलं नाही. दळण माझ्या डोक्यावर आलं.

तुम्ही हे सगळं माझ्याकडून काढून घेतलंत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर औशाला गेलात आणि आईच्या नावानं कार्ड रजिस्टर करून आलात, पोहोचपावतीसकट. जुन्या कार्डाची एवढी ऐट गावानं पाहिली नव्हती. रजिस्टर म्हणजे ज्याचं नाव त्याचीच सही. पोस्टमननं नेहमीसारखा गिरणीवर यायचा निरोप धाडला. आई गेली नाही. मग टँकरपाशी, सगळ्या गावासमोर त्यानं तिला गाठलं.

"मास्तरणीनं तुझं रजिस्टर धाडलंय. सात दिस झाले की परत जातंय. नेऊन टाक की."

"घेत न्हाई असं म्या म्हणलं न्हाई," आई कळशी खाली ठेवून म्हणाली. "पत्ता घरचा हाय. घरला आणा, सही करते."

"त्याच्यावर जिल्हाबी लातूर लिवलाय. आमच्याकडं शिक्का अजून जुनाच हाय."

"शिक्का तुमचा जुना आसंल. आमचा जिल्हा नवा हाय."

रांगेतल्या बाया फिसकन हसल्या. मला मात्र हसू येत नव्हतं. दिवस जात होते, कार्ड परत जाणार या धास्तीनं मला जेवण गोड लागत नव्हतं. चौथ्या दिवशी मी तुमच्याकडे रडत आले, दुसरं कार्ड द्या म्हणाले. तुम्ही वहीतून मान वर न करता म्हणालात, "ते तुझ्या नावाचं नाही. मध्ये लुडबुडू नकोस." फार राग आला होता तुमचा.

सातव्या दिवशी भर दुपारी सायकलची घंटी वाजते. पोस्टमन आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा. इतकी वर्षं गावात टपाल वाटून त्याला आमचं घर विचारावं लागतं. अख्खी वस्ती मागे चाललेली. आई भाकरी थापतेय. ती तव्यावरची भाकरी शेकून घेते, हात धुते, पदराला पुसते, कसलीच घाई नाही. मग उंबऱ्यात बसून, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही एकेक अक्षर करत करते. तो पेनाचं टोपण हातात धरून उभा. "झाली का तुमची?" असं विचारतो. तुमची, म्हणाला, बाई. कार्डावर बर्फात बुडालेलं घर होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, "एवढा कापूस कुणाच्या रानातला गं?" आई पोट धरून हसली. मी आनंदानं वस्तीभर धावत सुटले. पुढच्या वर्षी तुम्ही साऱ्या वर्गाला आमच्याच वस्तीत कार्डं पाठवायला लावलीत. तो कुरकुरत आला, पण आला. नंतर आमचं एकही पत्र गिरणीवर पडलं नाही. आम्ही जिंकलो होतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुम्ही रागावलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दळणाच्या निमित्तानं गिरणीवर गेले आणि पोस्टमनला म्हणाले, आईनं मला न्यायला सांगितलंय. त्यानं पिशवीतून पाकीट काढून माझ्यापुढं धरलंसुद्धा. मग हात मागं घेतला. "न्हाई पोरी, सही तिचीच लागती." त्यानं दिलं असतं तर मी ते घेऊन पळाले असते, बाई. आईला मी हे कधीच सांगितलं नाही.