पूर्ण बाहीचा शर्ट

मंगळवार, संध्याकाळ

आज मंदारला स्वारगेटजवळच्या दवाखान्यात नेलं. नशेच्या सुया टोचून टोचून हातात पू झालाय, तरी या उन्हात पूर्ण बाहीचा शर्ट. मागच्या डॉक्टरांनी झापलं तेव्हा जखम तशीच घेऊन पळाला होता. म्हणून रिक्षात मीच पढवलं, "गाडीवरून पडलो म्हण."

बाही मनगटापर्यंत तशीच; सिस्टरना रक्त घ्यायला हाताच्या पंजावर शीर सापडेना. मंदार हळूच म्हणाला, "तिथे नाही मिळायची. घोट्याजवळ बघा."

संपलं, वाटलं. आता हाकलणार.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या, "नाहीतर मी तुमची चाळणी केली असती. दुखतंय का फार?"

सांगितलंत. तुमची. माझ्या धाकट्या भावाला असं कुणी बोलून किती वर्षं झाली? त्यानं आपणहून बाही वर केली. खिडकीतलं ऊन हातावर सांडलं; क्षणभर तो पतंग उडवणारा हात वाटला. मी कधी विचारलं होतं, दुखतंय का?

घरी येऊन विचारलं.

"लवकर सुचलं, ताई," म्हणाला. मग थांबून, "परवा पट्टी बदलायचीय. अर्ध्या बाहीचा शर्ट काढून ठेव."

कपाटाच्या तळाशी सापडला. घडीवर पिवळी रेघ पडलीय. धुऊन वाळत घातलाय.