धान उडवायचा पंखा आणि माझं नाक

५ जानेवारी १९८७
लाखांदूरचा डॉक्टर म्हणतो, झोपेत माझा श्वास थांबतो. साफ खोटं. श्वास थांबला असता तर सगळ्यात आधी मलाच कळलं असतं! म्हणे वजन कमी करा. परदेशात नाकात हवा सोडणारी मशीन निघाली आहे, आपल्याकडे मिळत नाही. बायकोचं, धुरपताचं एकच, माझ्या घोरण्यापायी दोन वर्षांपासून झोप नाही. "संक्रांतीपर्यंत काही करा, नाही तं मी बपेऱ्याले भावाकडे जातो झोपाले."

६ जानेवारी
संकल्प: भात एकच वेळ.
रात्री: शेजारी भैय्यालालकडे धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपल्याचं जेवण. नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. संकल्प उद्यापासून.

८ जानेवारी
मशीन मीच करणार. सायन्सचा मास्तर आहे. भैय्यालालचा धान उडवायचा पंखा रिकामाच पडलाय. त्याला टिनाचं नरसाळं, पुढे सायकलची ट्यूब, टोकाला माझ्या जुन्या टोपीचा मास्क. दांडा रात्रभर फिरवणार कोण, हा क्षुल्लक प्रश्न. धुरपता आहे. तशीही जागीच असते.

९ जानेवारी, पहाटे
ट्रायल. पंख्यातला सगळा कोंडा नाकात. सत्तावीस शिंका. भिंतीपलीकडून भैय्यालाल, "गुरुजी, एवढ्या रात्री धान उडवून राहिले का जी?"

१० जानेवारी
पंखा झटकला. मस्त झोप. मशीन सक्सेस! सकाळी पाहतो तर धुरपता दांड्यावर डोकं टेकून झोपलेली. म्हणजे मशीन बंद असली तरी काम करते.

१२ जानेवारी
धुरपता बपेऱ्याला गेली. संक्रांतीचीही वाट पाहिली नाही. जाऊ दे, मला काय फरक पडतो.

१३ जानेवारी
घोरण्याची एकही तक्रार नाही. फक्त चार वेळा गुदमरून उठलो. वांग्याची भाजी बाधली असावी. वर्गात खुर्चीतच डोळा लागला. पोरांनी उठवलं नाही. शिस्त आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
भैय्यालालची लीलाबाई तिळगूळ घेऊन आली. म्हणाली, "धुरपताबाई घोरण्यानं नाही जागत जी. घोरणं बंद पडलं का तिले भेव लागते. दहापर्यंत मोजते, मंग तुमाले हलवते."
हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. उद्याच्या एसटीसाठी पिशवी भरली.

१५ जानेवारी, बपेरा
एसट्या बदलत संध्याकाळी पोचलो. धुरपताला सांगितलं, आज तू झोपायचं, जागायचं मी. उशाशी पाट घेऊन बसलो आहे. झोपेचं नावही नाही.

१६ जानेवारी
जरासाच डोळा मिटला असेल. सकाळी मेहुणा धनीराम लाल डोळ्यांनी म्हणाला, "भाऊजी, रातभर मीच मोजलो. मीच हलवलो तुमाले. धुरपताबाईले झोपू देलो."
आठ वाजले, धुरपता अजून झोपलेली. दोन वर्षांत अशी निवांत पाहिली नव्हती. फार बरं वाटलं. तिला कोणी उठवायचं नाही, असं धनीरामला सक्त बजावलं. आज रात्रीची पाळीही त्यालाच दिली.