भिंगरीला पाप कमी पडतंय

वहिनी,

लवकर निघतेय. शाळेत पांढऱ्या फ्रॉकच्या कडा दुमडायच्या राहिल्यात. डबा भरलाय, भिंगरीचे मोजे दोरीवर आहेत.

काल मधल्या सुट्टीत तुझी लेक माझ्या शिवणखोलीत येऊन म्हणाली, "आत्या, तुझ्याकडे एखादं पाप जास्तीचं आहे का?" आज दुपारी फादरांपुढे पापं कबूल करायची, तिचं पहिलं कन्फेशन ना! तिसरीत सगळ्यांकडे तीन-तीन पापं आहेत म्हणे, हिच्याकडे दोनच: पेन्सिल चावली आणि प्रार्थनेत जांभई दिली.

मी म्हटलं, "माझी मलाच पुरत नाहीत, बाई."

तर म्हणते कशी, "मग तुझं नि आईचं भांडण सांगू? तुमचे निरोप मीच पोचवते. राग गाळून सांगते. म्हणजे खोटंच झालं ना?"

तेव्हापासून शिवणात लक्ष नाही. मी घरातलं मशीन खिडकीशी हलवल्यापासून तू मला नक्की काय काय म्हणालीस गं? माझ्यापर्यंत तर "आई म्हणते, दमली असशील, जरा बस" एवढंच आलं. मलाही नवल वाटलं होतं. आणि मी जे बोलले, त्यातलं तुझ्यापर्यंत काय पोचलं?

मला सगळं तुझ्याच तोंडून ऐकायचंय. दुपारी दोनला चॅपलबाहेरच्या बाकावर ये, ती आत जायच्या आधी. खाष्ट म्हणालीस तरी चालेल, पण मला म्हण. पोरीला दोनच पापं घेऊन आत जाऊ दे.

– तुझी नणंद