कंपनीला मी दिलेलं उत्तर

सूनबाई,

भाजी चिरून ठेवली आहे, दूध तापवलं आहे. मी तुझ्या कंपनीत चालले आहे. घाबरू नकोस, भांडायला नाही.

परवा तू मोबाईल घरी विसरलीस, तेव्हा तिथल्या मॅडमचा फोन आला होता. म्हणाल्या, "सुनेच्या कॉम्प्युटरच्या डिग्रीचा सगळा खर्च कंपनी करणार आहे. घरच्यांची हरकत नाही ना?" मी म्हटलं, "आहे हरकत. आमची सून आम्ही शिकवू. परक्यांनी दया करायला आम्ही काय रस्त्यावर पडलोय?" आणि मोठ्या तोऱ्यात फोन ठेवला.

काल तू माझ्या लेकावर बरसलीस, की घरूनच नको म्हणाले म्हणून कंपनीने नाव थांबवलं, तूच बोलला असशील. तो बिचारा शपथा घेत होता. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. एरवी चुरुचुरु चालणारी माझी जीभ तेव्हा उचलली नाही.

आज शेजारच्या मास्तरीणबाईंनी समजावलं, ही दया नव्हे, तुझं काम बघून देतात. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन विद्यापीठांत अर्ज गेलेत ना, आता तिसराही आजच भर. रागाने अर्धा सोडू नकोस. आणि नवऱ्याशी बोल, त्याचा काही दोष नाही.

कुणापुढे हात जोडायची मला सवय नाही. वाटेत करून घेईन.

– तुझी सासू