कॅप्टन ब्रेव्होचा नववा अंक

२ एप्रिल १९५६, कारंजा. सकाळी.
संकल्प. एक, रोज पहाटे उठून बैठका. दोन, चहा निम्मा. तीन, रागावर कंट्रोल. कॅप्टन ब्रेव्हो कधी रागावत नाही. आधी हसतो, मग ठोसा मारतो. मी सध्या हसण्यापर्यंत आलो आहे.

त्याच दिवशी, दुपारी ऑफिसात.
जिनिंगमध्ये आम्हा कारकुनांना काम कमी. कापूस संपत आला. ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहून ठेवतो. गेल्या दिवाळीत किराणावाल्याने तिखट ज्या कागदात बांधून दिलं, त्यावर निळे कपडे घालून उडणारा माणूस होता. विलायती रद्दी वजनावर येते आणि हे लोक त्यात गूळ बांधतात. गाढवाला गुळाची चव काय! तिखट बायकोला, रुख्मिणीला दिलं, कागद मी ठेवला. तेव्हापासून दुकानं, रद्दीवाले, आठवडी बाजार पालथे घालून मी कॅप्टन ब्रेव्होच्या चित्रगोष्टींचे पहिल्यापासून आठव्यापर्यंत सगळे अंक जमवले. काहींना अजून तिखटाचा वास येतो. वाचताना डोळ्यांत पाणी येतं ते त्यामुळेच.

आठव्याच्या शेवटच्या चित्रात दुष्ट डॉक्टरने कॅप्टनचा बुरखा हनुवटीच्या वर ओढला आहे. खाली इंग्रजीत छापलंय की खरा चेहरा पुढच्या अंकात. आणि नववा अंक कुठेच नाही.

कॅप्टन कोण, हे मला ठाऊक आहे. कॅप्टनच्या शहरात एक कारकून आहे. कोपऱ्यात बसतो, मॅनेजर त्याला नाव न घेता हाक मारतो. तोच कॅप्टन. एवढं कशावरून वाटतं ते सांगता येत नाही, पण वाटतं. जगदेव म्हणतो, दूधवाला. म्हणे प्रत्येक अंकात एकदा तरी तो दिसतो. जगदेव म्हणजे माझा मॅट्रिकपासूनचा दोस्त, मला बबन म्हणणारा, कापडाच्या दुकानात असतो. कारंज्यात कॅप्टनची किंमत कळणारी माणसं दोन. खरं म्हणजे दीड.

बाकी गाव कॅप्टनला 'चड्डीवाला' म्हणतं. पँटवरून चड्डी घालतो म्हणून. मी समजावणं सोडून दिलं.

५ एप्रिल.
पहाटे उठलो नाही. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कापसाच्या गाठींवरून उडी मारली. कॅप्टन तिसऱ्या अंकात मारतो तशीच. उडी उत्तम झाली. उतरणं जमलं नाही. पाय सुजला. हमालांना सांगितलं की गाठी मोजत होतो. मोहनसिंग हमाल म्हणाला, खालूनही मोजता येतात. या माणसाला कल्पनाशक्ती नाही.

८ एप्रिल. संध्याकाळी.
जगदेव आला होता. पायाला हळद लावून दिली, बरं वाटलं. मग जाता जाता म्हणाला, आठवा अंक दोन दिवस नेऊ काय? कशाला, तर म्हणे काम आहे. काय काम, तर नुसता हसला.
मी नाही म्हटलं. आमचा करार एवढाच आहे, की जो अंक ज्याला मिळेल तो त्याने दुसऱ्याला दाखवायचा. न्यायचा असं कुठे ठरलंय? त्याची नजर माझ्या पेटीवर होती. माणूस ओळखायला मला वेळ लागत नाही.

९ एप्रिल.
रात्रभर झोप नाही. पेटीला कुलूप लावणं म्हणजे चोराला पत्ता देणं. विचार केला, कॅप्टनने काय केलं असतं? त्याने असं ठिकाण निवडलं असतं की कोणाचं लक्षच जाणार नाही.
सापडलं. स्वयंपाकघरात कोपऱ्यात गोणपाटाचा एक बोरा आहे, त्यात रुख्मिणी जुने कागद, फाटक्या पिशव्या, पुड्या असं काहीबाही कोंबत असते. कशाला, ते देव जाणे. बायकांना काहीच टाकवत नाही. त्या बोऱ्यात मधोमध सगळे अंक ठेवले. आठवा तेवढा कोटाच्या आतल्या खिशात. रुख्मिणीला सांगितलं नाही. गुपित दोघांत गेलं की ते गुपित राहत नाही.
स्वतःवर खूश आहे. जास्तीचा एक चहा घेतला.

१२ एप्रिल.
ऑफिसातून आलो तर रुख्मिणी म्हणाली, जगदेव भाऊजी येऊन गेले. मी नसताना! काय म्हणत होता, विचारलं. काही नाही, म्हणाली, आणि पदराआड हसली. तिलाही फितवलं की काय याने? पेटी पाहिली. रिकामी, पण ती मीच रिकामी केली होती, हे जरा वेळाने लक्षात आलं.
दुपारचा दुकान सोडून येतो म्हणजे काय? नोंद करून ठेवतो.

१४ एप्रिल.
आठवा अंक पुन्हा वाचला. हनुवटीवर बारीक खूण आहे, भिंगातून दिसते. टाकाचा डाग असावा. कारकुनाशिवाय हनुवटीला शाई कोणाच्या लागणार? दूधवाल्याच्या?
वाचताना रुख्मिणी मध्येच येऊन बोऱ्याचं काहीतरी विचारत होती. घे, घे, म्हटलं. माणूस महत्त्वाच्या कामात असला की हिला नेमकं बोलायचं असतं.

१६ एप्रिल.
अंगणात घागरी पालथ्या घालून रुख्मिणी आणि जगदेवची बायको गोजराबाई त्यावर काहीतरी थापून राहिल्या. मेथीचा उग्र वास. उन्हाळा लागला की या बायकांना असली कामं सुचतात. मी पाहिलंही नाही. गोजराबाईला इथे पाठवण्यात जगदेवचा हेतू काय असेल, याचा विचार करतो आहे.

१८ एप्रिल. संध्याकाळी.
बोरा रिकामा.
हात तळापर्यंत घातला. एक मेलेलं झुरळ, बाकी काही नाही. सगळं गेलं. पहिला अंक, ज्याच्यासाठी मी किराणावाल्याकडून गरज नसताना तिखट घेत राहिलो. पाचवा, जो मंगरूळच्या बाजारात भजेवाल्याच्या हातून भजी पडायच्या आत ओढून घेतला होता. सगळं.
रुख्मिणी माहेरी गेली आहे, परवा येईल. तिला विचारायची गरज नाही. चोर कोण ते मला ठाऊक आहे. ज्याच्या खांद्यावर मान ठेवली त्यानेच केसाने गळा कापला.

१९ एप्रिल.
कापूस बाजारासमोरच्या हॉटेलात जगदेव चहा पीत बसला होता. मी रागावर कंट्रोल ठेवून गेलो. आधी हसलो. मग चार माणसांसमोर त्याला चोर म्हटलं.
तपशील लिहायला हवा. मी म्हटलं, माझ्या घरी मी नसताना येतो, माझ्या बायकोला फितवतो, माझे अंक उचलतो. हॉटेलवाला चड्डीवाल्याचे का, असं विचारत होता, त्याला गप्प केलं. जगदेव काही बोलला नाही. कप अर्धा होता तो तसाच खाली ठेवला, टोपी घातली आणि गेला. निरपराध माणूस ओरडला असता. गप्प राहणं हाच पुरावा.
चहाचे पैसे मात्र त्याने माझेही देऊन ठेवले होते. मला येताना पाहूनच दिले असावेत.

२० एप्रिल. दुपारी.
जेवण अर्धं टाकून लिहितो आहे.
रुख्मिणी आली. जेवायला बसवलं. भाकरी नव्या टोपलीत. कागद भिजवून, कुटून, मेथ्या वाटून घागरीवर थापलेली, वाळवून काढलेली टोपली. बरी दिसत होती. बाहेरून शोभेला रंगीत चित्रं चिकटवलेली. एक निळा बूट दिसला. मग एक मूठ. मग माझ्या पाचव्या अंकातला जळता पूल.
भाकरी बाजूला ठेवून टोपली उचलली. हे काय केलंस, म्हटलं.
"तुमालेच तं इचारलं होतं," ती म्हणाली. "बोऱ्यातले कागद घेऊ काय, तं तुमी म्हनलं घे. पेटीतून काढून रद्दीत टाकले, मले वाटलं मन भरलं असंन."
मी म्हटलं, तुला माहीत नव्हतं ते किती मोलाचे आहेत? तर म्हणाली, मोलाची वस्तू कोणी रद्दीच्या बोऱ्यात ठेवते काय? याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते तिला कळणार नाही.

मग तिने पुढचं सांगितलं. जगदेव त्या दिवशी चोरायला आला नव्हता, द्यायला आला होता. मुर्तिजापूरला दुकानाच्या कामाला गेला तिथे रद्दीवाल्याकडे त्याला नववा अंक सापडला. आठव्याला तोच जोडून आहे का, ते ताडून पाहायला आठवा हवा होता. वहिनी, त्याच्या पुस्तकांत गुपचूप ठेवून दे, म्हणाला. पाहिल्यावर उड्या मारंन बबन. हिने पेटी पाहिली, रिकामी. शोधत शोधत बोऱ्यात पुस्तकं दिसली. त्यांच्यातच ठेवून दिला. दोन दिवसांनी मी घे म्हटलं, तेव्हा तिला वाटलं, नवाही पाहून झाला.
म्हणजे दोन दिवस माझा सेट पूर्ण होता. माझ्या घरात, चुलीपासून चार हातांवर. काखेत कळसा आणि मी गावभर वळसा.
सगळ्यांनी मिळून मला फसवलं. सगळ्यात जास्त त्या बोऱ्याने.

२१ एप्रिल.
आमच्या टोपलीचा कण न् कण भिंगाने पाहिला. नववा अंक हिच्यात नाही. रुख्मिणी म्हणते, नव्या पुस्तकाची पानं सुंदर होती, ती गोजराबाईच्या टोपलीला आतून लावली. शेवटचं पानही? हो, तळाला.
संकल्प. जगदेवला मोठ्या मनाने माफ करायचं. त्याच्या घरी जाऊन. जेवणाच्या वेळी.

२२ एप्रिल.
गेलो. गोजराबाईने या भाऊजी म्हटलं. जगदेवने पाट सरकवला. टोपली मध्ये. भाकऱ्यांनी भरलेली. तळ दिसायला भाकऱ्या कमी होणं आवश्यक होतं. मी जेवू लागलो. बरबटीच्या शेंगांची भाजी होती, तिखट. गोजराबाईला आधी बरं वाटलं, मग ती जगदेवकडे पाहू लागली. शेवटची भाकरी तिच्या वाटणीची असावी. तीही घेतली.
तळ दिसला. शेवटचं पान, सरळ लावलेलं. डॉक्टरचा हात. वर गेलेला बुरखा. कॉलर. आणि चेहरा असायला हवा तिथे लाल कागदाचं फूल. शोभेला मधोमध चिकटवलेलं. कॅप्टनच्याच चड्डीतून कातरलेलं. नखाने काढून पाहिलं. मेथीने धरलेलं सुटत नाही.

सगळ्या जिल्ह्यात तो चेहरा लक्ष देऊन पाहिलेला माणूस एकच. माझ्यासमोर बसून ताक पीत होता.
माफ करण्याचा विचार मी बाजूला ठेवला. चुकलं, असं म्हटलं. हे लिहायला कठीण जातं, पण म्हटलं. जरा हळू म्हटलं. मग विचारलं, जगदेव, कोण होता रे? कारकूनच ना?
त्याने भांडं खाली ठेवलं, मिशी पुसली.
"चोराच्या तोंडून कायले आयकतं, बबन?"
आणि हात धुवायला उठला. गोजराबाई परत चूल पेटवत होती.

२६ एप्रिल.
हॉटेलात जात नाही. आठवा अंक उघडत नाही. मॅनेजरने आज दोनदा 'ए' म्हणून हाक मारली, पूर्वी त्यात मजा वाटायची.
सकाळी दुकानासमोर जगदेव उभा होता. आमचा दूधवाला सायकलवरून चालला होता. जगदेवने त्याला थांबवून, टोपी काढून, वाकून रामराम केला. असा रामराम तो शेटजीलाही करत नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
चिडवत असेल. चिडवत असेल तर दोस्ती अजून आहे. आणि चिडवत नसेल, तर दोस्तीही गेली आणि कारकूनही गेला.
घरी येऊन रुख्मिणीला सांगितलं, उद्यापासून या दूधवाल्याचं दूध बंद. ती म्हणाली, काहून, चांगला तं मानूस आहे.